तिरप्या उन्हातले दगड

स्मरणिकेसाठी ‘अमेरिकेतल्या आयुष्यावर काहीतरी लिही’ असा संपादक मंडळाचा निरोप आला. नोकरी, मुलांच्या शाळा आणि तिकडचे गणेशोत्सव यांवर बाकीचे लिहितीलच. मी माझ्या सुट्टीच्या दिवसांतल्या उद्योगाबद्दल लिहिते. घराजवळच्या जुन्या दफनभूमींचे मी फोटो काढते, आणि तेही मुख्यतः हिवाळ्यात. ‘मसणवटीत कसले गं फोटो काढतेस?’ असे आई अजूनही फोनवर विचारते. इतिहासाच्या बाईंना मात्र हे पटेल. ‘इतिहासाची साधने’ या धड्यातली भौतिक, लिखित आणि मौखिक साधने त्यांनी आपल्याकडून इतक्या वेळा घोकून घेतली होती, की इथे थडग्याचा दगड पाहिल्यावर भौतिक आणि लिखित ही दोन्ही साधने एकाच ठिकाणी सापडली असे वाटले.

मी राहते ते पोकीप्सी गाव न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, सुमारे १२० किलोमीटरवर, हडसन नदीच्या काठी आहे. या खोऱ्यात आधी इथले मूळ रहिवासी, मग डच, फ्रेंच ह्यूगनॉ आणि इंग्रज असे थर आहेत. नदीपलीकडच्या न्यू पाल्ट्झ गावात ह्यूगनॉ कुटुंबे १६७८ मध्ये वसली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर चार वर्षांनी. तिथल्या छोट्या दफनभूमीत काही ओबडधोबड दगडांवर केवळ आद्याक्षरे कोरलेली आहेत. अठराव्या शतकात लालसर वालुकाश्मावर पंख असलेले चेहरे येतात. पुढे पांढरा संगमरवर आणि त्यावर अस्थिकलश व विलोचे झाड. त्यानंतर ग्रॅनाइट. थोडी सवय झाली की साल न वाचताही दगडाचा काळ ओळखता येतो.

हे दगड कायमचे नाहीत. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. वालुकाश्माच्या भेगेत शिरलेले पाणी दर हिवाळ्यात एकेक पापुद्रा सोडवते. आम्लयुक्त पावसाने संगमरवर विरघळतो आणि अक्षरे साखरेवर कोरल्यासारखी बोथट होतात. म्हणून फोटो काढायचे. माझ्या लेखी तो छंद कमी आणि बॅकअप जास्त आहे.

हिवाळाच का, याचे उत्तर भूमितीत आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी आपल्या पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. पोकीप्सीत जेमतेम २५. जुन्या कबरी बहुधा पूर्व-पश्चिम असतात, त्यामुळे दगडाचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला. दक्षिणेकडून येणारे ऊन दुपारी बाराच्या सुमारास त्यावरून नुसते घासून जाते. त्या थोड्या वेळात पुसट अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि इतर वेळी कोरा वाटणारा दगड वाचता येतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून काही लोक खडू किंवा दाढीचा फेस फासतात. त्याने दगडाची हानी होते. तिरपे ऊन मिळाले नाही तर आरशाने कडेने उजेड पाडावा, दगडाला हात लावू नये.

बर्फाचे फोटो काढताना कॅमेरा फसतो, कारण समोरचे सगळे मध्यम राखाडी आहे असे तो धरून चालतो. एक-दीड स्टॉप जास्त उजेड दिला नाही तर पांढरा बर्फ मळक्या धोतरासारखा येतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाची कोटाच्या आतल्या खिशात ठेवते. घरी शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करायचा, नाहीतर भिंगावर दव जमते.

पोकीप्सीची मोठी दफनभूमी १८५० च्या दशकातली. शहरांतली चर्चची आवारे भरून गेली, रोगराईची भीती वाढली, तेव्हा १८३१ मध्ये बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न ही गावाबाहेरची, झाडांची, वळणदार रस्त्यांची दफनभूमी झाली. तिचे अनुकरण देशभर झाले. सार्वजनिक बागा फारशा नव्हत्या, त्यामुळे लोक मुलाबाळांना घेऊन इथे फिरायला येत. आमच्या इथे मॅथ्यू व्हॅसर यांची समाधी आहे. दारूभट्टीत पैसा कमावून त्यांनी १८६१ मध्ये मुलींसाठी कॉलेज स्थापन केले. खोकल्याच्या गोळ्यांमुळे घरोघरी पोहोचलेले दाढीवाले स्मिथ बंधूही इथेच आहेत.

आणि इथेच आनंदीबाई जोशी आहेत. आपल्या आनंदी-गोपाळमधल्या.

१८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. या बाईंना त्या मावशी मानत. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या. तिथली थंडी आणि नीट ऊब नसलेली खोली त्यांना सोसली नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक हातात होती, पण रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायलाही महिनाभर अवकाश होता. त्यांची रक्षा मावशींकडे पाठवली गेली आणि मावशींनी ती पोकीप्सीला आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. दगडावर त्यांचे नाव, एम. डी. ही पदवी, १८६५ ते १८८७ ही साले आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर आहे.

एका २६ फेब्रुवारीला मी तिथे गेले होते. पोटऱ्यांपर्यंत बर्फ होता. त्या थंडीत वीस मिनिटांत माझी बोटे बधिर झाली, तेव्हा चार भिंतींच्या आतही गारठणाऱ्या त्या मुलीचा विचार आला. मग दगड पुन्हा वाचला. त्यावर पदवी आहे, जात आहे. चौदाव्या वर्षी जन्मून दहा दिवसांत गेलेला मुलगा नाही, आणि त्या दुःखातून डॉक्टर व्हायचे ठरवले हेही नाही. १८८५ च्या एका छायाचित्रात त्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली या सहाध्यायिनींसोबत आपापल्या देशाच्या पोशाखात दिसतात. तो फोटो दगडापेक्षा जास्त बोलतो.

तरी आनंदीबाईंना दगड तरी मिळाला. न्यूयॉर्क राज्यात १८२७ पर्यंत गुलामगिरी होती. जवळच्या किंग्स्टन शहरात पाइन स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांची जुनी दफनभूमी होती. तिच्यावर पुढे घरे उभी राहिली. २०१९ मध्ये एका स्थानिक संस्थेने तिथली जागा विकत घेतली, तेव्हा कुठे ती पुन्हा स्मृतिस्थळ होऊ लागली. अशा बिनदगडाच्या जागी हिवाळा मदतीला येतो. पातळ बर्फ पडला आणि ऊन आडवे आले की माती खचून झालेले उथळ, माणसाच्या लांबीचे खळगे ओळीने दिसू लागतात. एप्रिलमध्ये गवत वाढले की पुन्हा सपाट जमीन.

आपल्यात दहन असल्यामुळे असे काही नसते, असे मी पूर्वी म्हणत असे. पण गावोगावी मारुतीच्या देवळामागे वीरगळ आणि सतीशिळा उभ्या आहेत. कुणी त्यांना शेंदूर फासतो, कुणी त्यांवर कपडे धुतो. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. गावी जाल तेव्हा सकाळी सात-साडेसातला किंवा सूर्य मावळायच्या आधी, ऊन आडवे असताना, मोबाइलवर त्या दगडांचे फोटो काढा. चारही बाजूंनी काढा, शेजारी मापासाठी पट्टी ठेवा, गावाचे नाव आणि तारीख लिहा आणि आपल्या ग्रुपवर पाठवा. फोल्डर मी बनवून ठेवते. काळ ओळखायला बाई आहेतच.