खपली आणि तांबेरा

शिवऱ्याच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या कोपऱ्यात एक दगडी उखळ आहे. आता त्यात कोणी काही कांडत नाही. माझ्या लहानपणी मात्र दिवाळी सरली की खपली गव्हाची पेरणी व्हायची आणि उन्हाळ्यात त्याच गव्हाचे कांडण या उखळात सुरू व्हायचे. आजी म्हणायची, ‘खपलीला तांबेरा धरत नाही.’ शेजारचे एक काका त्याचे कारणही सांगायचे. दाण्याला टरफल घट्ट चिकटलेले असते, मग रोग आत शिरणार कुठून?

आजीचे निरीक्षण पुष्कळसे खरे होते, काकांचे कारण मात्र चुकीचे. तांबेरा दाण्यावर पडतच नाही. तो पडतो खोडावर आणि पानांवर. त्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात, दवाच्या ओलाव्यात रुजतात आणि पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून आत घुसतात. पुढे तांबूस पुळ्या फुटतात, खोडातला रस आटतो आणि दाणा चिमतो. अशा शेतातून चालत गेले तर पांढरे धोतर गंजल्यासारखे होते. मग खपलीचे संरक्षण टरफलात नसेल, तर कशात होते? या प्रश्नाचा माग काढताना शिवऱ्यातला हा गहू मला जगभर फिरवून आणील, असे वाटले नव्हते.

पहिला धागा केंब्रिजचा. १९०५ साली रोलंड बिफेन यांनी दाखवले, की गव्हाची पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकद मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरते. म्हणजे ती मातीची किंवा नशिबाची देणगी नव्हती. ती बियाण्यातून येत होती. लगोलग दुसरी अडचण उभी राहिली. अमेरिकेत मिनेसोटाच्या ई. सी. स्टॅकमन यांना आढळले, की काळा तांबेरा एकच नाही, त्याच्या अनेक जाती आहेत. एका जातीला पुरून उरणारा गहू दुसरीपुढे आडवा होतो. या जाती ओळखण्यासाठी स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली बारा गव्हांचा एक संच ठरवला. प्रत्येक गव्हावर बुरशी टोचायची आणि कोण टिकतो, कोण पडतो यावरून जात ठरवायची. त्या बारांत एक नाव आहे ‘खपली’.

हे नाव छापलेले पाहिले तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबलो. हिंदुस्थानातून गेलेला हा गहू तिथे आपल्या मराठी नावानिशी बसला होता. तो ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून, राखून पेरला, त्या शेतकऱ्यांचे नाव मात्र कुठेच नव्हते.

सिडनी विद्यापीठात डब्ल्यू. एल. वॉटरहाउस यांनी या खपलीचा संकर ‘स्टाइनवेडेल’ या ऑस्ट्रेलियन गव्हाशी केला. काम अवघड होते. खपलीत २८ गुणसूत्रे, पोळीच्या गव्हात ४२. संकरित रोपात ती ३५ होतात, त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि बहुतेक कणसे वांझ राहतात. तरीही जे थोडे दाणे भरले, त्यांतून ‘खपस्टाइन’ हा वाण निघाला. खपलीतून आलेल्या प्रतिकारक जनुकांना पुढे एसआर १३, एसआर १४ अशी नावे मिळाली. २०१७ साली एसआर १३ हे जनुक वेगळे काढून वाचले गेले. ते पेशीतल्या पहारेकऱ्याची कृती सांगते. बुरशीने आत सोडलेला पदार्थ ओळखू आला, की त्या जागच्या पेशी स्वतःच मरतात. ही बुरशी जिवंत पेशींवरच जगते. त्यामुळे तिची उपासमार होते. आजीच्या वाक्याचा हा शास्त्रीय तर्जुमा.

आपल्याकडे या रोगाचा माग काढला तो आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी. मैदानी भागातल्या उन्हाळ्यात बीजाणू तग धरत नाहीत. ते डोंगरांच्या थंडाव्यात टिकतात आणि दर हंगामात तिथून खाली येतात, हे त्यांनी दाखवले. मध्य आणि दक्षिण भारतात काळा तांबेरा येतो तो निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून. १९४६-४७ साली मध्य भारतात त्याने हाहाकार माजवला. निफाडच्या संशोधन केंद्राने केनियातले गहू आणून स्थानिक वाणांशी संकर केले; त्यांतून ‘केनफाड’ वाण आले. नावातच केनिया आणि निफाड यांची सोयरीक आहे. आमच्या गावावरून जाणाऱ्या सातारा रस्त्याने खंबाटकी ओलांडून वाईमार्गे वर गेले की महाबळेश्वरला गहू तांबेरा संशोधन केंद्र लागते. पर्यटक जिथे थंड हवा खायला जातात, तिथे त्याच हवेत तांबेऱ्याच्या जाती मुद्दाम जोपासल्या जातात आणि नव्या वाणांची परीक्षा घेतली जाते.

मग एवढा गुणाचा गहू आमच्या शेतातून गेला कसा? तांबेऱ्याने तो हरला नाही, तो हरला या उखळापुढे. मळणी करूनही खपलीचे टरफल सुटत नाही. ते कांडून काढावे लागते. रोगाचे संकट शेतात टळत होते, पण त्याची किंमत माजघरात आई आणि आजीच्या खांद्यांनी चुकती होत होती. १९६०च्या दशकात मेक्सिकन बुटके गहू आले, मग कल्याणसोना, सोनालिका. उतारा जास्त, कांडण नाही. वडिलांनी खपली बंद केली तेव्हा आई हसली होती. तिचे ते हसणे आठवले की जुन्या बियाण्यांबद्दल गळा काढण्याचा धीर मला होत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. कल्याणसोना सगळीकडे पसरला आणि सत्तरच्या दशकात तपकिरी तांबेऱ्याने त्याला गाठले. १९९८-९९मध्ये युगांडात ‘यूजी ९९’ ही काळ्या तांबेऱ्याची जात सापडली. जगभरच्या गव्हांचा आधार असलेले एसआर ३१ तिच्यापुढे निकामी ठरले. तेव्हा शोध सुरू झाला जुन्या शिलकीचा, आणि यूजी ९९ला रोखणाऱ्यांत खपलीचे एसआर १३ निघाले. तेही अजिंक्य नाही. त्याला चकवणाऱ्या जाती इथिओपियात सापडल्या आहेत. बुरशी थांबत नाही, म्हणून एकाच जनुकावर भिस्त ठेवता येत नाही. कणगीत अनेक प्रकारचे बियाणे असणे हाच खरा विमा.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस २९७१’ हा बुटका खपली वाण दिला आहे आणि टरफल काढायला आता यंत्रे आहेत. गेल्या कार्तिकात मी चार गुंठ्यांत खपली पेरली. गहू यंत्रातून काढून आणला, तेव्हा आईने ओंजळीत दाणे घेतले, एकदा उखळाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘हे यंत्र आधी आलं असतं, तर खपली कशाला गेली असती?’