अंधारात बोटांना कळणारी बाटली

जुन्या बाटल्या जमवणाऱ्यांमध्ये विषाच्या बाटल्यांना भारी मान. गर्द निळी नाहीतर हिरवी काच, सहा कोन, अंगावर उभे कंगोरे आणि काचेतच उठवलेली अक्षरं: 'नॉट टू बी टेकन'. दिसतात देखण्या, पण मला त्यांच्यामागची गोष्ट जास्त मोलाची वाटते.

१८५८ साली इंग्लंडात ब्रॅडफर्डला पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसं दगावली, २०० हून जास्त आजारी पडली. साखर महाग, म्हणून गोळ्यांत स्वस्त पांढरी पूड मिसळायची सर्रास पद्धत. औषधाच्या दुकानातल्या पोराने त्या पुडीऐवजी सोमल मोजून दिला, तोही १२ पौंड! दोन्ही पांढरंच ना. आणि बघा, सोमलाच्या विक्रीवर बंधनं घालणारा कायदा १८५१ लाच झाला होता. पुढे १८६८ च्या कायद्याने विषावर लेबल सक्तीचं झालं.

पण मेणबत्तीच्या उजेडात लेबल वाचणार कोण? ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय? म्हणून ते कंगोरे. अंधारात हात लागला तरी कळावं, ही औषधाची बाटली नव्हे.

आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. तेच औषध उरलं की कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवतात, त्रिकोण राहतो डब्यावर. गोठ्यात, माळ्यावर अशी बाटली असेल तर आजच हलवा.