दम खाण्याचा हक्क

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही संपाच्या इतिहासावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत वावरलेल्या माणसाकडून दुसरे काय ऐकायचे? परंतु आज आम्ही बोलणार आहो ते दम्याचा रोगी आणि गरोदर स्त्री यांनी धावावे की नाही, व्यायाम करावा की नाही, या प्रश्नाच्या इतिहासावर. आम्ही डॉक्टर नाही. दहावीच्या वर्षीच आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा ज्याने त्याने आपल्या प्रकृतीविषयी आपल्या डॉक्टरलाच विचारावे. आम्ही सांगणार आहो तो इतिहास आहे. आणि त्याचा एक धागा थेट आमच्या धंद्याला येऊन भिडतो, म्हणून सांगणार आहो.

आपल्या भाषेत 'दम' हा मोठा गमतीचा शब्द आहे. दम लागतो, दम धरावा लागतो, मालक दम देतो. आणि चढ चढून आलेला माणूस पारावर बसून घटकाभर दम खातो. त्याच दमावरून आलेला दमा. यांपैकी दम खाणे ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती का, ते ओघात येईलच.

धावल्याने श्वास कोंडतो हे ज्ञान जुने आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी आरेटियस नावाच्या ग्रीक वैद्याने दम्याचे लक्षण सांगितले, ते धावण्याने किंवा कुठल्याही श्रमाने श्वास जड होणे हेच. आपल्या चरकाने श्वासाचे पाच प्रकार केले. त्यांत श्रमाने लागणारा आणि आपोआप शमणारा क्षुद्रश्वास वेगळा, आणि रोग्याला आडवेही होऊ न देणारा, बसूनच रात्र काढायला लावणारा तमकश्वास वेगळा. हा भेद आजही उपयोगी आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असाही आयुर्वेदाचा दंडक आहे. कपाळावर, काखेत घाम आला आणि श्वास तोंडाने घ्यावा लागला की अर्धी शक्ती संपली असे समजावे. घड्याळ नाही, यंत्र नाही. माणसाने आपल्याच शरीराला विचारायचे. गर्भिणीला मात्र भारी श्रम वर्ज्य सांगितले आहेत.

1698 साली इंग्लंडात जॉन फ्लॉयर यांनी दम्यावर ग्रंथ लिहिला. ते स्वतःच दमेकरी होते, त्यामुळे कुठल्या श्रमाने किती धाप लागते याचा हिशेब त्यांच्याजवळ अनुभवाचा होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1700 मध्ये, इटलीत रामाझ्झिनी यांचा कामकऱ्यांच्या रोगांवरील ग्रंथ निघाला. हा ग्रंथकर्ता आम्हाला विशेष प्रिय आहे. वैद्याने रोग्याला नाडीबरोबरच त्याचा धंदाही विचारावा, असे सांगणारा हा गृहस्थ. ताग-अंबाडीसारखा धागा पिंजणाऱ्यांच्या छातीत धूळ जाऊन खोकला आणि दमा जडतो, हे त्याने नोंदवले. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच प्रश्नाला दोन तोंडे फुटली होती. श्रीमंताचा दमा त्याला व्यायामापासून दूर ठेवीत होता. गरिबाला त्याचा श्रमच दमा देत होता.

या दुसऱ्या तोंडाशी आमची ओळख घरातच झाली. आमचे वडील मुंबईत लालबागच्या बाजूला एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. गिरणीचे नाव घेण्याचे कारण नाही. रविवारी सुट्टीचा माणूस चांगला हसतखेळत असे. सोमवारी संध्याकाळी मात्र पाळी करून घरी आला की छातीवर हात ठेवून चाळीच्या जिन्यात बसायचा. मंगळवारी थोडे बरे, बुधवारी त्याहून बरे. आई म्हणायची, "सुट्टी मानवत नाही ह्यांना." गिरणीच्या दवाखान्यात खोकल्याचे लाल औषध मिळे आणि विडी सोडा असा उपदेश मिळे. वडिलांनी उभ्या आयुष्यात विडी ओढली नव्हती. 1982 चा संप झाला, गिरणी गेली, आम्ही इचलकरंजीला आलो. छाती मात्र परत आली नाही.

पुढे कित्येक वर्षांनी वाचनालयात आम्हाला त्या सोमवाराचे नाव सापडले: बिसिनोसिस. 1877 मध्ये फ्रान्समधील आद्रियाँ प्रूस्त यांनी हे नाव रूढ केले. (यांचा मुलगा मार्सेल मोठा कादंबरीकार झाला आणि जन्मभर दम्याने बेजार होता.) 1950 च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या सूतगिरण्यांत कामगारांना नेमके हेच विचारले, की छाती सोमवारी आवळते काय, आणि त्या उत्तरावरून रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कापसाची धूळ अधिक बाधते. आईचे म्हणणे वेडगळ नव्हते. फक्त तिला कुणी विचारले नव्हते.

आता पहिल्या तोंडाकडे वळू. दमेकरी मुलाला कवायतीतून सूट द्यावी, सावलीत बसवावे, अशी रीत कित्येक वर्षे चालली. 1962 मध्ये लिव्हरपूलच्या जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमेकरी मुलांना खरोखर धावायला लावले आणि श्वास मोजला. मिनिट-दोन मिनिटे धावल्यावर श्वासनलिका उलट थोड्या मोकळ्या होतात. आठ-दहा मिनिटे नेटाने धावल्यास त्या आवळतात, आणि खरा त्रास थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी होतो. पुढे ऑस्ट्रेलियात दिसले की तितक्याच श्रमाचे पोहणे धावण्याइतके बाधत नाही. कारणही उलगडले. जोराने आणि तोंडाने श्वास घेताना कोरडी, थंड हवा श्वासनलिकेचा ओलावा ओढून घेते. पाण्यावरची हवा दमट असते. म्हणून थंडीतल्या पहाटेपेक्षा जरा ऊन वर आल्यावर निघावे, नाकावर कापड धरावे, धूळ-धुराचा रस्ता टाळावा. आधी दहा-पंधरा मिनिटे हळूहळू अंग तापवावे. असे केल्यावर पुढे तास-दोन तास नलिका सहसा तितक्या आवळत नाहीत. खिशात पंप हवा, आणि डॉक्टरने सांगितले असल्यास निघण्यापूर्वी तो घ्यावा.

या पंपाचाही इतिहास फार जुना नाही. दाबून मोजका फवारा देणारा पंप 1956 मध्ये बाजारात आला, साल्ब्युटामोल 1969 मध्ये. आपल्याकडे अजून कुजबुज चालते की पंपाची सवय लागते. वस्तुतः घातक आहे ते निराळेच: केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर वर्षे काढणे आणि सूज कमी करणारे औषध टाळणे. 2019 पासून दम्याविषयीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वेही मोठ्या माणसांना नुसत्या आरामाच्या पंपावर ठेवू नका, असेच सांगतात.

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डिमाँट हा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा चारशे मीटर पोहण्यात एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने पहिला आला आणि त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. त्याच्या दम्याच्या औषधात एफेड्रिन निघाले. औषध घेतो हे त्याने आपल्या फॉर्मावर लिहिले होते; पुढची तजवीज ज्यांनी करायची त्यांनी केली नाही. या नामुष्कीतून धडा घेऊन 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपूर्वी अमेरिकेने आपले सगळे खेळाडू तपासले. 597 पैकी 67 जणांना श्रमाने दमा होत होता, आणि या 67 जणांनी 41 पदके आणली. दमेकऱ्याने खेळू नये, हे म्हणणे त्यानंतर टिकण्यासारखे राहिले नाही.

गरोदर स्त्रीचा इतिहास नेमका उलट्या दिशेने चालला. तिला कामावरून उठू देत नव्हते. 1895 मध्ये पॅरिसच्या आदोल्फ पिनार यांनी बाळांची वजने मांडून दाखवले की शेवटच्या दिवसापर्यंत राबणाऱ्या बाईपेक्षा आधी विश्रांती मिळालेल्या बाईचे मूल सुमारे तीनशे ग्रॅमनी भारी भरते. हा तराजूचा पुरावा होता, दयेचा अर्ज नव्हे. 1919 मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे विश्रांतीचा ठराव केला. हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे तेथे आमच्या चळवळीचे वडीलधारे ना. म. जोशी हजर होते. सरकारने मात्र अभ्यास करू, एवढेच आश्वासन दिले.

मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायकाच असत, वर नायकीण. पोटुशी बाई दिवस भरेपर्यंत उभी राही, कारण बसली की रोज बुडे. बाळंत झालेली लगेच परते आणि घरच्या तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवी. ही गोष्ट त्या काळच्या चौकशांत नमूद आहे. 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात आसवले यांचे प्रसूति-लाभ विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडले की बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, आणि तिच्या श्रमावर जो नफा कमावतो त्याने काही भार उचलला पाहिजे. 1929 मध्ये कायदा झाला. या देशातला अशा प्रकारचा हा पहिला. पैशाचा भार एकट्या मालकावर टाकल्याचा परिणाम मात्र वाईट झाला. गिरण्यांतून बायकांची संख्या हळूहळू ओसरत गेली. त्याला यंत्रांची आणि रात्रपाळीच्या बंदीचीही कारणे होती. परंतु हेही एक होते. आमच्या चळवळीने या ओहोटीकडे फार उशिरा पाहिले, हे येथे कबूल करणे बरे. 1961 चा केंद्रीय कायदा बारा आठवड्यांचा होता, 2017 मध्ये त्याचे सव्वीस झाले.

राबणाऱ्या बाईसाठी विश्रांती मागितली जात होती, त्याच काळात बसून राहणाऱ्या बाईचे काय होते, हे काश्मीरमध्ये दिसले. श्रीनगरच्या जनाना रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी पाहिले की झेलमवर नावेत राहणाऱ्या, उन्हात वावरणाऱ्या, उकिडव्या बसून काम करणाऱ्या हांजी बायका सहज बाळंत होतात. आणि शहरात पडद्यात, अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांची हाडे मऊ पडून कंबरेचा सांगाडा वाकडा होतो, बाळंतपणात जीव जातो. 1928 मध्ये त्यांनी पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मिनी रँडेल यांनी गरोदर बायकांना व्यायाम शिकवण्याची प्रथा पाडली, तीही याच काळात.

तरी भीती गेली नाही. 1985 मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने नियम केला की गरोदरपणी नाडी 140 च्या वर जाऊ देऊ नये, जोराचा व्यायाम पंधरा मिनिटांपलीकडे नसावा. 1994 मध्ये त्याच संस्थेने हा आकडा मागे घेतला, 2002 मध्ये बहुतेक दिवशी अर्धा तास व्यायाम करा म्हणून सांगितले, आणि 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी गरोदर स्त्रीला आठवड्याला 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला. आकडा का सोडला? कारण पोटात गर्भ असताना नाडी आणि श्वास आपोआपच वाढतात, आकडा फसवतो. त्याऐवजी साधी कसोटी आली: चालता-धावताना बरोबरच्या माणसाशी बोलता आले पाहिजे. पाहा, हे आपल्या अर्ध्या शक्तीच्या किती जवळ आले!

ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ हिच्यात आजचे दोन्ही विषय एकत्र आले. चौदाव्या वर्षी दमा निघाला; 2003 मध्ये लंडनला तिने मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. गरोदरपणातही ती धावत राहिली. जानेवारी 2007 मध्ये मुलगी झाली आणि नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. मधल्या काळात घाईने सरावाला लागून तिचे माकडहाडाजवळचे हाड तडकले होते, हे मात्र कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

याच्या जोडीला आपल्या मुलखातली एक गोष्ट ठेवतो. 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा मोठा अभ्यास झाला. पाणी आणणे, धुणे, शेतातली कामे यांचा बारकाईने हिशेब मांडला. ज्यांच्या वाट्याला कष्ट जास्त, त्यांची बाळे लहान भरली. मग व्यायाम चांगला आणि श्रम वाईट, असे का? पाय तेच, फुफ्फुस तेच. फरक पोटातल्या घासाचा आहे, हे खरेच. दुसरा फरक असा, की धावणारी बाई दम लागला की थांबते. विहिरीवरून दोन हंडे घेऊन निघालेली वाटेत थांबू शकत नाही. वैद्यकाने दोन हजार वर्षे जे जे शोधले, त्या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: थांबणे माणसाच्या हातात आहे.

आमच्या युनियनने कांडी भरणाऱ्या बायकांसाठी एक कागद छापला. गरोदरपणी अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, चक्कर आली, छातीत दुखले, श्रमाआधीच धाप लागली, पोट घट्ट होऊन कळा आल्या, पिंडरी सुजून दुखली, बाळाची हालचाल मंदावली, तर हातातले काम टाकावे आणि डॉक्टर गाठावा. पडण्याचा धोका असेल ते करू नये, पहिल्या तीन महिन्यांनंतर पाठीवर उताणे पडून व्यायाम करू नये, उन्हाच्या कारात धावू नये. दमा असल्यास गरोदरपणात पंप सोडू नये. आईचा श्वास कोंडला तर गर्भालाही प्राणवायू कमी पडतो. आमच्या एका डॉक्टर मित्राने तपासून दिलेला हा कागद आम्ही नेहमी खिशात बाळगतो.

एका हंगामात शिरोळच्या बाजूला एका उसाच्या फडात गेलो होतो. टोळी बीडकडची. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. उचल त्या कोयत्यावर, आणि एकाने दिवस चुकवला तर खाडा. एक बाई सातव्या महिन्यातली, मोळी बांधत होती. आम्ही विचारले, "ताई, दम लागतो तेव्हा काय करता?"

ती हसली. "काय करणार दादा? बसावं म्हन्लं तर टोळी पुढं जाती. गाडी भरायची राहती, मुकादम खाडा लावतो."

एवढे बोलून तिने मोळी डोक्यावर घेतली आणि ती फळीवरून ट्रकवर चढली. कागद आमच्या खिशातच होता. तो आम्ही बाहेर काढला नाही.