कृष्णाकाठची मगर

माघ महिन्यात वाईत कृष्णाबाईचा उत्सव असतो. गंगापुरी, मधली आळी, रामडोह, भीमकुंड अशा आळ्यांचे घाट पाळीपाळीने सजतात आणि नदीला घरच्या आईसारखं मखरात बसवलं जातं. अफजलखानाच्या स्वारीचं संकट टळावं म्हणून बोललेल्या नवसापासून हा उत्सव चालत आल्याचं वाईकर सांगतात. त्याच माघात, त्याच नदीवर खूप खाली, सांगली जिल्ह्यातल्या भिलवडी, औदुंबर, ब्राह्मणाळ, डिग्रज या पट्ट्यात मगरी काठावर येऊन ऊन खात पडलेल्या असतात. काठावरच्या शेतकऱ्याला तेव्हा उसाला पाणी द्यायला मोटारीपर्यंत उतरावंच लागतं. पोटात गोळा येतो, तरी तो उतरतो.

पाण्यातल्या जनावराची ही धास्ती नवी नाही. गजेंद्रमोक्षाच्या कथेत हत्तीचा पाय धरणारा नक्र घराघरांतल्या चित्रांतून पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. तरीही कृष्णाकाठचा माणूस पाण्यापासून कधी लांब राहिला नाही. पाठीला पांगिऱ्याचा बिंडा नाहीतर वाळका भोपळा बांधून पोरं पाण्यात ढकलली जात आणि काही दिवसांत ती घाटावरून सूर मारू लागत. १९२९ साली सांगलीचा आयर्विन पूल झाला. त्याआधी भर पावसाळ्यात पैलतीर गाठायचा तर नावेचाच आधार होता. पुरात नाव कमी पडली, की गूळ करायची काहील पाण्यात सोडायची आणि तिच्यातून माणसं न्यायची, ही या भागाची खास रीत. नाव चालवणारे आंबी आणि जाळं टाकणारे भोई यांना कुठला डोह खोल, कुठल्या वळणावर भोवरा, कुठल्या दरडीखाली जनावर, हे सारं ठाऊक असे. हे ज्ञान कुणी लिहून ठेवलं नाही. ते रोजच्या कामातून मुलांकडे जाई, आणि भीती आवाक्यात राहायची ती त्याच्यामुळेच.

मग मगरीच कमी झाल्या. कातडीचा व्यापार, बंदुकीची शिकार, जाळ्यात अडकून होणारे मृत्यू आणि अंड्यांची लूट यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशातल्या बहुतेक नद्यांमधून मगर हटत गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत घेतलं. १९७५ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने मगर संवर्धन प्रकल्प हाती घेतला. पुढच्याच वर्षी रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासजवळ मगरींचं प्रजनन केंद्र उभारलं.

हे १९७५ साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी अमेरिकेत शार्कवरचा ‘जॉज’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि समुद्रात पाय टाकायला जगभरचे लोक कचरू लागले. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांना पुढे त्याचं इतकं वाईट वाटलं, की उरलेलं आयुष्य त्यांनी शार्कच्या रक्षणासाठी खर्च केलं. पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र १९४३ मध्ये एमिल गान्यान यांच्यासह तयार करणारे झाक कुस्तो हेही सुरुवातीला निराळे नव्हते. त्यांच्या १९५६ च्या प्रसिद्ध चित्रपटात बोटीवरचे लोक चिडून शार्क वर ओढतात आणि मारतात. समुद्री जिवांच्या रक्षणाचा सर्वांत मोठा आवाज म्हणून हेच कुस्तो नंतर ओळखले गेले. पाण्याखाली घालवलेल्या वर्षांनी त्यांना जे शिकवलं, ते कृष्णेच्या नावाड्यांना नदीने आधीच शिकवलेलं होतं.

मगर कृष्णेत परत वाढली त्याला कायदा जितका कारण, तितकंच पाणी कारण. साठच्या दशकात कोयनेचं धरण झालं, मागून धोम आणि वारणा. नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पडले. पूर्वी उन्हाळ्यात उघडी पडणारी पात्रं आता बारमाही तुडुंब राहतात, आणि मगरीला असंच संथ, खोल पाणी लागतं. पण पाणी वाढलं तसा काठ आटला. ऊस थेट पाण्याच्या कडेपर्यंत आला, वाळू उपसली गेली, वीटभट्ट्यांसाठी मळीची माती खरवडली गेली. मगरीला अंडी घालायला उंच, कोरडा, मऊ काठ हवा असतो. तो मिळाला नाही, की ती माणसांच्या वाटेवरच घर करते. साखर कारखान्यांच्या मळीच्या पाण्याने मासे मरून तरंगल्याच्या बातम्याही सांगलीकरांना नव्या नाहीत. जागा आणि अन्न दोन्ही आखडल्यावर टक्कर होणारच. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात माणसं दगावली, त्यांत नदीवर गेलेली लहान मुलंही होती. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराला संवर्धनाचं महत्त्व सांगत बसणं क्रूरपणाचं आहे. त्यांची भीती खरी आहे आणि तिला मान दिल्याशिवाय पुढचं काहीही बोलता येत नाही.

मात्र भीती धूसर असली, की ती बारा महिने छळते. मगरीचं वेळापत्रक समजलं, तर ही भीती ठरावीक जागी आणि ठरावीक महिन्यांत बांधता येते. थंडीत मगर ऊन खायला वर येते, कारण तिचं रक्त बाहेरच्या उष्णतेवर तापतं. तेव्हा ती सर्वांत जास्त दिसते आणि लोक सर्वांत जास्त घाबरतात. खरा धोका वाढतो तो पुढे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठात खड्डा करून वीस-तीस अंडी घालते आणि जवळपास दोन महिने त्या जागेभोवती राहते. पावसाच्या तोंडावर पिल्लं आतून आवाज देतात, मादी माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. एवढ्या ताकदीच्या जबड्यात पिल्लाला ओरखडाही येत नाही. या दिवसांत घरट्याजवळ जाणारा कुणीही तिला शत्रू वाटतो. पुराच्या वेळी चित्र पुन्हा बदलतं आणि मगर पाण्याबरोबर वाट चुकते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात एक मगर घराच्या छपरावर बसलेली लोकांनी पाहिली. तीही आसराच शोधत होती.

शेजारच्या मुलुखांनी ही भीती आपापल्या परीने पेलली आहे. गोव्यात बोरी, दुर्भाट या गावांत पौष अमावास्येला खाजण शेतीच्या बांधावर चिखलाची मगर घडवतात आणि तिची पूजा करतात. खाडीचं खारं पाणी थोपवणारा बांध आणि त्यावर राबणारी माणसं तिने सांभाळावीत, ही त्यामागची भावना. गुजरातेत चरोतर भागातल्या गावतळ्यांत मगरी आणि कपडे धुणाऱ्या बायका एकाच पाण्यावर दिसतात. मगर तिथे खोडियार मातेचं वाहन आहे.

सांगली जिल्ह्याला हे परकं वाटू नये. याच जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याने नागपंचमीला जिवंत नाग पुजण्याची परंपरा शतकानुशतकं चालवली. कायद्याने नाग पकडण्यावर बंदी आणली आणि ते योग्यच झालं, कारण त्यात नागांचे हाल होत होते. पण जिथे इतर गावांत नाग दिसताच काठी उचलली जाते, तिथे शिराळकरांना नागाच्या सवयी कळत होत्या, हेही तितकंच खरं. तशी जाण मगरीबाबत निर्माण होणं अशक्य नाही, आणि त्यासाठी मगर पकडायची काही गरज नाही.

मालवण-तारकर्लीला स्कूबा करायला जाणाऱ्यांत आज सातारा-सांगलीची तरुण मुलंही असतात. पहिल्या डुबकीआधी प्रशिक्षक शौर्याच्या गोष्टी सांगत नाहीत. श्वास रोखू नका, तळाला पाय लावू नका, कपारीत हात घालू नका, कशाच्याही मागे लागू नका, एवढंच ते बजावतात. पाकट शेपटीचा काटा मारते ती बहुधा पाय पडल्यावर. वाम चावते ती कपारीत हात गेल्यावर. हे कळलं, की छातीतली धडधड आपोआप उतरते. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि पाण्याखालचं जग पाहून आलेल्यांमुळे तिथे त्याच्याविषयी आस्था वाढते आहे. कृष्णेत डुबकी मारून मगर पाहावी असं कुणी सुचवणार नाही. पण नदीकाठच्या प्रत्येक शाळेत मगरीचं वर्ष शिकवता येईल, घरट्यांच्या जागी फलक लावता येतील, पाणवठ्याला जाळीचं कुंपण घालता येईल आणि काठाची थोडी पट्टी उसाविना मोकळी ठेवता येईल. ग्रामपंचायती, साखर कारखाने आणि वनविभाग यांनी मनावर घेतलं, तर यातलं काहीही अवघड नाही.

तोवर काठावरच्या वाचकांनी एवढं पाळावं: फेब्रुवारीपासून पावसाळा सरेपर्यंत मगरींच्या पट्ट्यात मुलांना नदीत सोडू नये, पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने पाण्यात उतरू नये, मासे किंवा मटणाचा कचरा घाटावर टाकू नये आणि मगर वस्तीत दिसली, तर दगड न उचलता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.