हिरवे पाणी उकळून प्यावे का?

तलाव किंवा धरणाच्या पाण्यावर हिरवट साय दिसली, तर ते बहुधा नील-हरित शेवाळ असते.

ते का वाढते?
सांडपाणी आणि शेतातील खतांमधून येणारे नायट्रोजन व फॉस्फरस हे त्याचे खाद्य. पुणे परिसरातील सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनी धरणात जाते. तेथील पाणी हिरवे होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पाण्यातील जीवांवर परिणाम
शेवाळाच्या थरामुळे खालच्या वनस्पतींना प्रकाश मिळत नाही. शेवाळ मरून कुजताना पाण्यातील ऑक्सिजन कमी होतो आणि मासे गुदमरून मरतात.

आरोग्यावर परिणाम
काही प्रकारचे शेवाळ मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष तयार करते. उकळल्याने जंतू मरतात, हे विष मात्र नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात मिसळते.

काय काळजी घ्यावी?
- असे पाणी पिऊ नका, त्यात पोहू नका, जनावरांनाही पाजू नका.
- मरून तरंगणारे मासे खाऊ नका.
- अंगाला लागल्यास स्वच्छ पाण्याने धुवा.
- उलट्या, जुलाब, पुरळ किंवा कावीळ झाल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा आणि या पाण्याशी संपर्क आल्याचे आवर्जून सांगा.