मोजून दहा-बारा पोपट उरले होते

मॉरिशस म्हटलं की डोडो आठवतो. सतराव्या शतकात तो संपला. पण त्याच बेटावरचा एक पोपट त्याच वाटेने निघाला होता आणि परत फिरला, हे फारसं कुणी सांगत नाही.

इको पॅराकीट त्याचं नाव. दिसायला थेट आपल्या पोपटासारखा. डच, फ्रेंच, इंग्रज, सगळ्यांनी जंगल तोडलं. पुढे ऊसच ऊस. (तो पिकवायला १८३४ पासून भारतातून मजूर नेले, त्यात आपली मराठी माणसंही होती.) जहाजांतून आलेले उंदीर आणि माकडं अंडी-पिल्लं खाऊ लागली. भरीस भर, १८८६ च्या सुमारास आपलाच साधा पोपट तिथे सुटला आणि ढोल्या बळकावू लागला!

१९८० च्या दशकात मोजून दहा-बारा पक्षी उरले.

कार्ल जोन्स हा वेल्सचा जीवशास्त्रज्ञ १९७९ मध्ये तिथे पोचला होता. जादू काहीच नाही, नुसती ढोरमेहनत. ढोल्यांभोवतीचे उंदीर मारले, लाकडी घरटी टांगली, उपाशी पिल्लं खाली आणून हाताने भरवली, मोठी करून रानात सोडली. मध्येच चोच-पिसांच्या रोगाची साथ आली, तीही सोसली.

आज सातशेच्या वर पोपट आहेत. २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये धोक्याची पायरी खाली आली. तरी बरेच पक्षी अजून माणसांनी ठेवलेल्या खाद्यावर येतात. चांगलं मूळ जंगल बेटावर दोन टक्क्यांच्या आसपासच उरलंय.