कोंबड्यांची उतरंड आणि लांडग्यांचे घर

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कान पिळणाऱ्याला ती फार सोयीची असते. हल्ली तो तिला शास्त्राची पुस्तीही जोडतो : “अहो, निसर्गाचा नियमच तसा!” हा नियम निसर्गाने कोणाला आणि कोठे सांगितला, याचा इतिहास मोठा मौजेचा आहे.

त्याचा आरंभ नॉर्वेतील कोंबड्यांपासून होतो. थोर्लेइफ शेल्डेरुप-एब्बे याला लहानपणापासून कोंबड्या पाहत बसण्याचा नाद. कोणती कोंबडी कोणाला टोचते, याच्या नोंदी त्याने चिकाटीने ठेवल्या आणि १९२२ साली आपला निबंध छापला. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला. सर्वांत खालची मात्र सगळ्यांच्या चोची मुकाट्याने सोसते. माजघरातल्या उतरंडीसारखेच हे! साऱ्यांचा भार तळाच्या मडक्यावर. जगाने एवढेच उचलले. त्याच नोंदींत आणखी एक गंमत होती, तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. कधी कधी पहिली दुसरीला टोची, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीलाच! मग यांतली श्रेष्ठ कोण म्हणावी?

पुढची पायरी लांडग्यांची. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल याने लांडग्यांचे निरीक्षण केले आणि १९४७ साली ते प्रसिद्ध केले. कळपात झगडून वर चढलेल्या नराला व मादीला त्याने ‘आल्फा’ म्हटले. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक याच्या १९७० सालच्या लांडग्यांवरील ग्रंथाने हा शब्द सर्वतोमुखी केला. मग काय विचारता! कचेरीतला साहेब, गल्लीतला दादा, घरातला कर्ता पुरुष, ज्याला त्याला आपण ‘आल्फा’ असावे असे वाटू लागले.

पण ते लांडगे कोंडलेले होते, ही गोष्ट सारे विसरले. पळून जायला वाट नाही, वेगळे बिऱ्हाड थाटायला जागा नाही; अशा आवारात भांडणे विकोपाला जायचीच. चार बिऱ्हाडांना एकच नळ असलेल्या वाड्यात ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मेक मात्र १९८६ पासून दर उन्हाळ्यात कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्स्मिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात राहू लागला. तेथे त्याला सिंहासनासाठी झुंजणारी टोळी दिसली नाही. दिसले एक कुटुंब. पुढे चालणारी जोडी म्हणजे आईबाप आणि मागून येणारी त्यांची पोरे. पोरे जाणती झाली की घर सोडतात, जोडीदार शोधतात, आपला संसार मांडतात. अधिकार तेथेही आहे, नाही असे नाही. शिकार कमी पडली की आईबाप थोरल्या पोरांना बाजूला सारतात, ते धाकट्या पिलांच्या तोंडी घास घालण्यासाठी! १९९९ साली मेकने हे सारे लिहून ‘आल्फा’ शब्दाची चूक दाखवून दिली. आपलाच जुना ग्रंथ छापणे थांबवा, असे तो प्रकाशकांना सांगत राहिला. अखेर २०२२ मध्ये ते थांबले.

स्वतःच्या गाजलेल्या ग्रंथाविरुद्ध असे उभे राहणे सोपे नव्हे. चूक निसर्गाची नव्हती, पाहणाऱ्यांची होती. आपण माणसांतली उतरंड खुराड्यात आणि पिंजऱ्यात पाहिली आणि तीच निसर्गाची आज्ञा म्हणून घरी घेऊन आलो.

‘वर्चस्व’ या आपल्या शब्दाचे मूळ पाहा. संस्कृतात ‘वर्चस्’ म्हणजे तेज. तेजाने कोणाचा कान पिळला जात नाही. त्याच्या उजेडात धाकट्यांना वाट दिसते. उद्या पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणताना कोणता बळी आपल्याला हवा, हे मनाशी ठरवावे. कान पिळणारा बळी तर घरोघरी आहेच!